फरशीखालची ओल नेमकी येते कुठून?

नमस्कार मंडळी. तळमजल्यावर फरशीचे सांधे काळे पडलेत, कोपऱ्यात पांढरा खार फुटलाय, खाली टाकलेली गादी सकाळी दमट लागते. मिस्त्री येतो, दोन मिनिटं बघतो आणि म्हणतो, "भाऊ, सगळी फरशी काढा, वॉटरप्रूफिंग करून टाकू." थांबा. पाणी कुठलं आहे हे कळल्याशिवाय छन्नी लावू देऊ नका.

आधी सांगा, ओल वाढते कधी? नागपुरात या प्रश्नानेच अर्धं काम होतं. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, अंगणात भेगा पडतात. अशा उन्हातही एखादी जागा ओलीच असेल, तर पावसावर खापर फोडू नका. पहिल्यांदा खिडकीतला कूलर बघा. त्याची टाकी बाहेर ठिबकते, पाणी भिंतीच्या पायाशी मुरतं आणि संशय जातो बाथरूमवर!

कूलर सुटला की पाइप. नळाला पाणी असताना घरातले सगळे नळ आणि टाकीत जाणारा व्हॉल्व्ह बंद करा. तरी मीटर फिरतोय? मग मीटरपासून टाकीपर्यंत कुठेतरी गळती आहे. फिरत नसेल तरी निर्धास्त होऊ नका, कारण गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारं पाणी मीटरने आधीच मोजलेलं असतं. रात्री मोटर बंद ठेवा, टाकीच्या पातळीवर खूण करा, सकाळपर्यंत थेंबही वापरू नका. पातळी उतरली, तर टाकीखालचा पाइप किंवा संडासातला फ्लश गळतोय. सांडपाण्याचा पाइप मात्र या दोन्ही तपासण्यांत सापडत नाही. तो वापरला तरच गळतो. दुसरं बाथरूम असेल, तर संशयातलं आठवडाभर बंद ठेवून बघा.

आता ओल पावसासोबत येऊन दिवाळीपर्यंत रेंगाळत असेल, तर जमिनीकडे वळा. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, लवकर सोडत नाही. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. त्या ओढाताणीत जुन्या पाइपांचे सांधेही उघडतात. शिवाय शहरात सिमेंटचे रस्ते झाले, रस्ता वर आला आणि कित्येकांचं अंगण खाली गेलं. भर पावसात छत्री घेऊन घराभोवती एक चक्कर मारा. पाणी जोत्याकडे येत असेल, तर आधी अंगणाचा उतार बदला. फरशीचं नंतर बघू.

एक सोपी चाचणी: साधारण 45 सेंटीमीटर चौरस जाड प्लास्टिक घ्या, चारही कडा टेपने घट्ट चिकटवा, निदान 16 तास ठेवा. खालच्या बाजूला थेंब आले तर ओल जमिनीतली. वरच्या बाजूला आले तर हवेतली, जी एसीच्या गार खोलीत पावसाळ्यात दिसते. पण गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइलवर ही चाचणी फसते, कारण वाफ टाइलमधून नाही, सांध्यांतून येते. एखादी सुटलेली टाइल काढून उघड्या काँक्रीटवर करा.

आवारात विहीर असेल, तर सप्टेंबरमध्ये तिच्यातही डोकावा. पाणी जोत्याच्या जवळपास आलेलं असेल, तर नुसत्या उताराने भागणार नाही. तिथे जुना कोबा काढावाच लागेल, आणि नवा घालण्याआधी 250 मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरून घ्या, कडा भिंतीवर चार बोटं चढवून.