जुन्या ट्रकच्या हौद्याला कोणते लाकूड घालावे?

नमस्कार. माझ्या हातातली ही फळी आमच्या जुन्या टाटा ४०७ ट्रकच्या हौद्यातून काल काढली. ऊस आणि दगड घासून तिची वरची बाजू गुळगुळीत झाली आहे, तरी ती आणखी काही वर्षे सहज चालेल असे वाटते. आता ती उलटी करतो. लोखंडी आडव्या पट्टीवर ती जिथे टेकत होती, तिथे टोच्या दाबला की पेरभर आत जातो. हौद्याचे लाकूड झिजण्याने फारसे जात नाही. ते अशा सांदीत मुरलेल्या ओलीने जाते, आणि म्हणून वखारीत गेल्यावर झाडाच्या नावाआधी ती फळी झाडाच्या कोणत्या भागातली आहे हे पाहावे.

सागवान टिकते म्हणतात ते त्याच्या तपकिरी गाभ्याबद्दल खरे आहे. कडेचे पांढरट लाकूड सागाचेच असले तरी कुजते आणि त्याला कीड लागते. एकदा स्वस्तात मिळाल्या म्हणून मी अशा पांढऱ्या कडेच्या फळ्या घेतल्या. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्यांच्या छिद्रांतून पिठासारखा भुगा पडू लागला. सागवान म्हणून पैसे मात्र पूर्ण मोजले होते.

तळाच्या फळ्यांसाठी माझा कौल ऐनाला आहे. आपल्याकडे कानडीत त्याला मत्ती म्हणतात आणि खानापूर-दांडेलीच्या रानातले हे ओळखीचे झाड आहे. ते सागापेक्षा जड आणि कठीण असल्यामुळे दगड आपटला तरी चटकन खड्डा पडत नाही. वजनाची धास्ती बाळगू नये: १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि दीड इंच जाड तळाला साडेसात घनफूट लाकूड लागते, आणि एवढ्यात सागापेक्षा फरक पडतो तो साधारण ४० किलोंचा. ऐनाची खोड वेगळीच आहे. ते घाईने वाळवले तर चिरते आणि वाकते, म्हणून सावलीत, थरांमध्ये पट्ट्या घालून रचलेला, इंचाला साधारण वर्ष या हिशेबाने वाळलेला माल मागावा, आणि बोल्टसाठी भोक आधी ड्रिलनेच पाडावे. बाभळीने बैलगाडीची चाके पेलली, परंतु लांब आणि सरळ फळी तिच्यातून क्वचितच निघते. बाजूच्या फालक्यांना, जे रोज उघडायचे असतात, हलके सागवानच बरे. खरेदीचे बिल आणि जिथे लागतो तिथे वनखात्याचा वाहतूक परवाना घेतल्याशिवाय लाकूड गाडीत चढवू नये.

अथणीच्या उन्हात बसवलेली फळी खानापूरच्या पावसात फुगते, त्यामुळे कोरड्या दिवसांत बसवताना दोन फळ्यांमध्ये दोन नाण्यांच्या जाडीइतकी फट ठेवावी; त्यातून पाणीही निघून जाते. फळीची टोके, बोल्टची भोके आणि पट्टीवर टेकणारी खालची बाजू बसवण्यापूर्वीच उकळलेल्या जवसाच्या तेलाने दोनदा भिजवावी, कारण टोकातून पाणी सर्वांत लवकर आत शिरते. जळके इंजिन ऑइल फुकट मिळते, म्हणून पुष्कळ जण तेच फासतात. पण ज्या हौद्यात पुढच्या महिन्यात गुळाच्या ढेपा भरायच्या आहेत, त्यात मी ते घालू देत नाही.