पातळ केलेलं पाणी साफ होत नाही

(वडोदऱ्यात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मित्रहो, सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये इथे कलाभवन काढलं, तेव्हा शिकवल्या जाणाऱ्या विद्यांमध्ये रंगाईही होती. कापड रंगवून उरलेलं पाणी जातं कुठे, हा प्रश्न त्याच विद्येचा. आज बडोद्याच्या उद्योगांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी पन्नासहून अधिक किलोमीटरच्या कालव्यातून मही नदीच्या मुखाकडे जातं. कालव्यात पडण्याआधी काय होतं, तेवढंच आज बोलू.

समजा, कारखान्यातून रोज 100 घनमीटर पाणी निघतं, सीओडी, म्हणजे त्यातली घाण रासायनिकरीत्या जाळायला लागणारा ऑक्सिजन, लिटरला 1000 मिलिग्रॅम. म्हणजे दिवसाला 100 किलो. नदीनाल्यात सोडायची सर्वसाधारण मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम. आता बोअरचं 300 घनमीटर पाणी त्यात ओता. नमुना 250 दाखवेल, अहवाल पास! नाल्यात मात्र 100 किलोच गेले, वर भूजल उपसलं ते वेगळंच. म्हणून नुसतं प्रमाण पाहू नका, प्रवाहाने गुणा.

खरी प्रक्रिया केली तर 75 किलो काढावे लागतात. ते काम टाकीतले जिवाणू करतात, घाण खाऊन. त्यांना हवा लागते. किलोभर ऑक्सिजन पाण्यात मुरवायला व्यवहारात साधारण एक युनिट वीज जाते. टाकीत हवा सोडणारा 5 किलोवॅटचा ब्लोअर दिवसरात्र चालला तर 120 युनिटं. रात्री आठ तास बंद ठेवला तर 40 युनिटं वाचली, आठ रुपये दराने 320 रुपये. मोह एवढ्याशा पैशांचा असतो, हे लक्षात घ्या.

आणि बिघडतं काय? टाकीत विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास हवा. ब्लोअर थांबला की तो काही मिनिटांत संपतो. रोज असंच चाललं की तपकिरी गाळ, म्हणजे जिवाणूंचाच साका, काळपट पडतो, सडक्या अंड्यांचा वास सुटतो, तंतुमय जिवाणू माजतात. एक लिटरच्या मोजपात्रात गाळ अर्धा तास ठेवून पाहा. निरोगी गाळ 200-300 मिलिलिटरवर बसतो. बिघडलेला 800 वरून हलत नाही आणि पुढे गाळ खाली बसवायच्या सेटलिंग टाकीच्या कडेवरून वाहून जातो. मग दुसऱ्या प्लांटचा गाळ आणा, शेणाचं पाणी घाला, आणि टाकी सावरायची दोन-तीन आठवडे वाट पाहा. तोवर उत्पादन कमी करा, नाहीतर तसंच सोडा. 320 रुपयांचा हिशेब इथे उलटतो, पण तो रात्रपाळीच्या माणसाला कुणी दाखवलेलाच नसतो.

खोटं पकडायला प्रयोगशाळा लागत नाही. 75 किलो सीओडी निघाला तर 20 ते 30 किलो कोरडा गाळ व्हायलाच हवा. गाळ दाबून पाणी काढणाऱ्या फिल्टर प्रेसचा ओला केक धरला तर 100 किलोच्या आसपास. गाळ उचलल्याची नोंदच नसेल, तर जिवाणूंनी खाल्लं काय? वीजबिलही बोलतं. ब्लोअरची महिन्याची 3600 युनिटं त्यात कुठे दिसतात का?

शेवटी लॉगबुक उघडा. तासातासाला पीएच 7.2, आठवडाभर तोच आकडा, एकाच पेनाने, एकाच शाईत, आणि खाली तुमच्या सहीसाठी सोडलेली जागा.