दुसरीच्या हातची गोधडी

नमस्कार श्रोतेहो. गोधड्या शिवणाऱ्या बाईला कधी ना कधी एक फोन येतो. "आई गेली. तिच्या कपाटात कापडाचे ढीग आहेत, अर्धवट गोधड्या आहेत. टाकवत नाहीत आणि आमच्यात शिवणारं कुणी नाही. तुम्ही न्याल का?" मला असा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हणून टाकलं. त्याआधी एक विचारायला हवं होतं: यातलं तुम्हाला परत काय हवंय? कुणाला पुरी झालेली गोधडी हवी असते, कुणाला आईच्या ओळखीच्या साडीचा एखादा तुकडा, तर कुणाला नुसतं कपाट रिकामं हवं असतं. हे आधी ठरलं नाही, तर एके दिवशी तुम्ही नेमकी तीच साडी कापून बसता.

खोकं घरी आलं की हात शिवशिवतात. तरी थांबा. मी प्रत्येक थर उचलण्याआधी त्याचा फोटो काढला. कुठलं कापड कुठल्यावर ठेवलंय, कशाला टाचणी लावलीय, कुठे चिठ्ठी खोचलीय, त्यातच तिचा बेत असतो. रंगांनुसार नीट घड्या घालायला घेतल्या की तो बेत तिथेच मोडतो. कुबट वास येत असेल तर कापड सावलीत, वाऱ्यावर पसरा. कडक उन्हात जुने रंग उडतात. घड्यांच्या आत कसर लागलीय का तेवढं मात्र पहिल्याच दिवशी बघा.

कापडाचं वय कळतं का? थोडंफार कळतं. किनारीपासून किनारीपर्यंत मोजा. सुती कापडाचा पन्हा ३६ इंचांच्या आसपास भरला तर ते बहुधा जुनं असतं, कारण हल्लीचं गोधडीचं कापड साधारण ४४ इंची येतं. कडेचा एखादा धागा काढून जाळून बघा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो, आणि तो मणी दिसला की कापड १९५०च्या आधीचं नाही म्हणायला हरकत नाही. जुन्या काळ्या-तपकिरी छपाईपासून मात्र सावध राहा. ते रंग पक्के करायला लोहाचे क्षार वापरत आणि त्यांनी कापड आतून कुजतं. बाकी फूल जसंच्या तसं, आणि तपकिरी देठाच्या जागी नुसतं भोक! असं कापड अंगावर घ्यायच्या गोधडीत घालू नका.

धुण्याची घाई तर नकोच. नुसते तुकडे जोडलेला, अस्तर न लावलेला वरचा थर पाण्यात घातला की शिवणीतली मोकळी कड उसवत जाते. लाल रंगावर ओलं पांढरं फडकं दाबून बघा. फडकं गुलाबी झालं तर धुणं विसरा.

कधी कधी तुकड्यांच्या पाठीला कागद असतात. कागदावर कापड दुमडून, कडांना टाके घालून जोडायची ही जुनी रीत. ब्रिटनमध्ये १७१८ सालचं एक रेशमी पांघरूण जपून ठेवलंय. त्यात असे कागद अजून आहेत. तुमच्या खोक्यातले कागद जुन्या वह्यांचे, पत्रांचे असतील, तर ते काढायच्या आधी वाचा.

आता माझी चूक सांगते. त्या खोक्यात बारा चौकटी होत्या, सगळ्यांत त्रिकोणांची रांग उजवीकडे तोंड करून. एकीतच ती डावीकडे वळलेली. मला वाटलं, बाई थकली असेल, रात्री दिवा मंद असेल. मी ती चौकट उसवली. निम्मी उसवून झाल्यावर खोक्याच्या तळाशी एक चिठ्ठी सापडली, चौकोनी कागदावर पेन्सिलीनं काढलेला गोधडीचा आराखडा. मधोमध एक चौकट उलटी, आणि तिच्याभोवती दोनदा गोल केलेला.

मी तिच्या मुलीला फोन करून सगळं सांगितलं. ती हसली. आई घरातही एक खुर्ची मुद्दाम वाकडी ठेवायची म्हणाली.

मग मी ती चौकट पुन्हा डावीकडे वळवून शिवायला बसले. तिचे टाके इंचाला नऊ, माझे जेमतेम सहा. पण जुन्या कापडात तिच्या सुईची भोकं अजून तशीच उघडी होती. चष्मा लावून, एकेक भोक शोधत, मी त्यांतूनच दोरा ओवत गेले. चार इंचांच्या त्या शिवणीला दुपार गेली.