प्लेट निघण्यापूर्वी
(पुस्तक लिहिण्यापासून बांधणीपर्यंतच्या कामावरच्या लघुमाहितीपटाचं निवेदन)

[भिंतीवर टाचलेली कार्डं. कॅमेरा डावीकडून उजवीकडे सरकतो.]

भिंतीवर एका पुस्तकाची २२ कार्डं आहेत. एक कार्ड, एक प्रकरण. प्रत्येकावर एकच वाक्य लिहिलंय : हे प्रकरण वाचून झाल्यावर वाचकाला नवीन काय कळतं?

तिसऱ्या आणि अकराव्या कार्डावरचं वाक्य जवळपास सारखंच आहे. खर्डा वाचताना ही पुनरुक्ती लक्षात आली नव्हती, इथे ती लगेच दिसते. सतरावं कार्ड कोरं राहिलंय. ते प्रकरण एकतर पुस्तकात नको आहे, नाहीतर अजून लिहूनच झालेलं नाही.

कार्डं लावायची ती पहिला खर्डा पूर्ण झाल्यावर. खर्डा चालू असताना मागे वळायचं नाही. पहिलं प्रकरण पुन्हा पुन्हा घोटत बसलं की सातव्यापर्यंत पोचायचा दमच उरत नाही आणि बहुतेक पुस्तकं तिथेच अडकतात. एखादी तारीख आठवत नाही, संदर्भ हाताशी नाही, तर तिथे तीन फुल्या टाकायच्या आणि पुढची ओळ लिहायची. खूण मात्र अशी हवी, जी मजकुरात एरवी कुठेच येत नाही. मग शेवटी संगणकावर ती खूण शोधली की राहिलेल्या सगळ्या जागा ओळीनं समोर येतात.

रोज ५०० शब्द, आठवड्यातले पाच दिवस. या गतीनं ६० हजार शब्द २४ आठवड्यांत होतात. डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकाराच्या पानावर साधारण २५० ते २७५ शब्द बसतात, म्हणजे मजकुराची २२० ते २४० पानं. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे छापखान्यात तो पुन्हा लागणार आहे.

[टेबलावर छापून काढलेला खर्डा. पेन्सिलीच्या खुणा.]

संस्करणासाठी खर्डा कागदावर काढावा. पडद्यावर डोळा सरकत जातो, कागदावर थांबतो. एका वाचनात एकच काम करायचं. आधी फक्त रचना : कुठलं प्रकरण पुढे घ्यायचं, कुठलं गाळायचं. मग परिच्छेद. वाक्यांना हात सर्वांत शेवटी. उलट क्रमानं गेलं, तर तासभर खपून सुधारलेलं पान दुसऱ्या दिवशी अख्खं काढावं लागतं आणि ते काढवत नाही. पुस्तकात नको असलेली कितीतरी पानं केवळ या मायेपोटी राहून जातात.

या कोपऱ्यातला कागद जवळून पाहा. हा लेखननियमांचा तक्ता. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला या पुस्तकापुरता घेतलेला निर्णय. माणसांची आणि गावांची नावं कशी लिहायची, आकडे अंकात की अक्षरात, अवतरणचिन्हं एकेरी की दुहेरी, 'इंग्लंड' की 'इंग्लण्ड'. संस्करण करताना घेतलेला प्रत्येक निर्णय इथे नोंदवायचा. हा एक कागद मुद्रितशोधकाच्या, म्हणजे छपाईपूर्वी चुका शोधणाऱ्याच्या, हाती दिला की त्याला लेखकाला विचाराव्या लागणाऱ्या शंका कितीतरी कमी होतात.

आता तीन ते पाच वाचक. त्यांना 'कसं वाटलं?' असं विचारलं तर 'छान आहे' एवढंच उत्तर मिळतं. नेमकं विचारावं : वाचता वाचता पुस्तक कुठे बाजूला ठेवलंत? कुठे मागची पानं पुन्हा उलटावी लागली? दोन वाचक एकाच पानाबद्दल तक्रार करत असतील, तर त्यांनी सुचवलेला उपाय चुकीचा असेलही, पण जागा बरोबर असते.

दुसऱ्या कुणाची कविता, छायाचित्र किंवा नकाशा घेतला असेल तर लेखी परवानगी याच टप्प्यावर मिळवायची. पानं लागल्यानंतर नकार आला, तर पुढची सगळी पानं हलतात.

आणि मग मजकूर बंद करायचा. 'अंतिम' नावाची एकच फाईल, नावात तारीख, तिच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी. याच्यापुढे मजकुरात भर नाही. शब्दाच्या जागी शब्द चालेल, नवा परिच्छेद चालणार नाही. या चित्रफितीतून एकच गोष्ट घ्यायची असेल, तर ही घ्या. इथपर्यंत बदल फुकट आहेत. यापुढचा प्रत्येक बदल कुणाचं तरी केलेलं काम मोडतो.

[संगणकाचा पडदा. अक्षरजुळणी चालू आहे.]

जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात, आणला की काही अक्षरं बिघडतात आणि ती ठरावीक असतात. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. विसर्गाच्या जागी कोलन येतो. हे बघा : पडद्यावर 'दुःख' आणि 'दु:ख' दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेतला की त्यातला एकच सापडतो. शिवाय संगणकाच्या लेखी कोलन हे विरामचिन्ह असल्यामुळे ओळीच्या शेवटी तिथे शब्द तुटू शकतो. म्हणून पानं लावण्याआधी अख्ख्या मजकुरातले कोलन एकेक करून तपासायचे.

'दऱ्या' आणि 'दर्या' ही दुसरी जागा. डोंगरातल्या दऱ्या समुद्र होऊन बसतात आणि शुद्धलेखन तपासणारी आज्ञावली गप्प राहते, कारण तिच्या दृष्टीनं दोन्ही शब्द बरोबरच आहेत. हे माणसानंच पाहावं लागतं.

[दोन माणसं समोरासमोर. एक वाचतोय, दुसऱ्याचं बोट ओळीवर.]

पहिलं मुद्रित, म्हणजे लावलेल्या पानांची तपासणीसाठी काढलेली छापील प्रत, असं तपासतात. एकाच्या हाती मूळ प्रत, तो मोठ्यानं वाचतो. स्वल्पविराम, अवतरणचिन्हं, नवा परिच्छेद, सगळं उच्चारून. दुसरा मुद्रितावर नजर ठेवतो. ओळीखाली पट्टी धरलेली आहे, कारण मोकळी नजर अर्थाच्या ओघात पुढे पळते आणि गळलेलं अक्षर मनातल्या मनात भरून घेते. स्वतःचं पुस्तक स्वतः तपासणाऱ्या लेखकाचं नेमकं हेच होतं. त्याला कागदावर नसलेलंही दिसतं.

खूण ओळीत करायची आणि दुरुस्ती समासात लिहायची, दोन्ही. जुळणीकार समास पाहत खाली येतो. फक्त ओळीत केलेली बारीक खूण त्याच्या नजरेतून सुटते. जुळणीतल्या चुका लाल शाईनं आणि लेखकाचे बदल निळ्या शाईनं दाखवले, की कुठलं काम कुणामुळे वाढलं यावर वाद राहत नाही.

दुसऱ्या मुद्रितात आधीच्या दुरुस्त्या झाल्या का ते पाहतात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. दुरुस्त केलेल्या ओळीपासून परिच्छेदाच्या शेवटापर्यंत पुन्हा वाचतात. एक शब्द वाढला की ओळी सरकतात, परिच्छेदाची शेवटची ओळ पुढच्या पानाच्या माथ्यावर एकटी जाऊन पडते. शिवाय चूक सुधारताना शेजारीच नवी चूक होण्याची शक्यता मोठी असते.

तिसऱ्या मुद्रितात मजकूर वाचायचाच नाही. फक्त पृष्ठांक, पानाच्या माथ्यावरची शीर्षकं, चित्रांखालच्या ओळी आणि अनुक्रमणिकेतले आकडे. सर्वांत मोठ्या टायपातली चूक सर्वांत उशिरा सापडते, कारण मुखपृष्ठ आणि प्रकरणांची नावं कुणी वाचतच नाही, सगळे नुसती बघतात. पुस्तकाच्या शेवटची सूची करायची ती यानंतर, पृष्ठांक पक्के झाल्यावरच.

इतक्या डोळस कामाचा करणारा पुस्तकात बहुधा कुठेच नसतो. मुखपृष्ठकाराचं नाव असतं, मुद्रकाचं असतं. मुद्रितशोधकाचं नावही श्रेयनामावलीत यायला हवं.

त्याच पानावर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक असतो. २००७ पासून तो १३ अंकी आहे. पहिल्या १२ अंकांना आळीपाळीनं १ आणि ३ नं गुणायचं आणि बेरीज करायची. ती दहाच्या पटीत नेण्यासाठी जो अंक मिळवावा लागतो, तो तेरावा. बेरीज आधीच दहाच्या पटीत असेल तर शून्य. एखादा अंक चुकीचा पडला असेल तर या हिशेबात तो पकडला जातो. कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात.

[छापखाना. यंत्राचा आवाज वर येतो, मग खाली.]

इथे ऑफसेट छपाई चालू आहे. तेलकट शाई आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, या साध्या गोष्टीवर हे सगळं उभं आहे. १७९६ च्या सुमारास आलोइस सेनेफेल्डर यांनी याच तत्त्वावर दगडावरून छापायची रीत शोधली. आज दगडाऐवजी ॲल्युमिनियमची पातळ प्लेट आहे. जिथे अक्षर आहे तिथे ती शाई धरते, उरलेल्या जागी पाणी. प्लेटवरची शाई रबरी ब्लँकेटवर, म्हणजे रुळावर चढवलेल्या रबरी आवरणावर येते आणि तिथून कागदावर.

हा फर्मा नीट बघा. एका मोठ्या कागदावर १६ पानं, प्रत्येक बाजूला आठ. पान १ च्या शेजारी २ नाही, १६ आहे. चारच्या शेजारी १३. पहिल्या फर्म्यात शेजारच्या दोन पानांची बेरीज १७ येते. तीन घड्या पडल्या की पानं आपापल्या जागी जातात.

म्हणून पुस्तकाची पानं १६ च्या पटीत बसवतात. २४० पानं म्हणजे बरोबर १५ फर्मे. सुरुवातीची पानं धरून पुस्तक २४४ चं झालं, तर वरच्या चार पानांसाठी वेगळी छपाई आणि वेगळी घडी. त्यापेक्षा प्रकरणांमधली कोरी पानं कमी करावीत, किंवा मजकूर पानावर एखादी ओळ जास्त बसेल असा लावावा.

कण्याची जाडीही इथेच ठरते. ०.१ मिलिमीटर जाडीचा कागद असेल तर २४० पानांचे १२० कागद, म्हणजे १२ मिलिमीटर. ऐनवेळी फुगीर कागद आला आणि त्याची जाडी ०.१३ असली, तर कणा होतो १५.६. मुखपृष्ठ आधीच छापलेलं असेल तर कण्यावरचं नाव एका बाजूला सरकतं. कागद हातात येईपर्यंत मुखपृष्ठाची अंतिम फाईल द्यायची नाही. त्या फाईलीत चारही कडांना ३ मिलिमीटर जास्तीचा रंग हवा. आतली चित्रं छापील आकारात ३०० डीपीआयची, म्हणजे एका इंचात ३०० ठिपक्यांची हवीत. १,२०० पिक्सेल रुंदीचं चित्र चार इंचांपेक्षा मोठं लावू नये.

आणि पीडीएफ पाठवण्यापूर्वी ज्यात पुस्तकाचा फाँट नाही अशा दुसऱ्या संगणकावर उघडून बघायची. फाँट आत गुंतलेला नसेल तर जोडाक्षरं सुटी होतात.

[बांधणी विभाग. फर्म्यांची चळत, कण्याकडून.]

कण्यावर ही काळी चौकोनी खूण दिसते ना? प्रत्येक फर्म्यावर ती थोडी खाली छापलेली असते. फर्मे क्रमानं लागले की तिरपा जिना तयार होतो. फर्मा गळला की जिन्यात फट पडते, दोनदा लागला की दोन पायऱ्या शेजारी येतात. बांधणाऱ्याला पान उलटावं लागत नाही.

परफेक्ट बाइंडिंगमध्ये कण्याकडची घडी तासून गरम गोंद लावतात. त्यात काही मिलिमीटर जातात, म्हणून आतला समास बाहेरच्यापेक्षा मोठा ठेवायचा, निदान २० मिलिमीटर. शिवणीच्या बांधणीत घडी तासत नाहीत, पुस्तक अधिक सपाट उघडतं आणि जास्त टिकतं. दोन्हीत कागदाचे तंतू कण्याला समांतर असावे लागतात. आडवे असले तर पानं कडक उभी राहतात आणि दमट हवेत लाटा धरतात. कागद दोन्ही दिशांनी फाडून बघा; ज्या दिशेनं सरळ फाटतो, ती तंतूंची दिशा.



[पहिल्या बांधलेल्या प्रती.]

पहिल्या प्रती आल्या की बाकीची बांधणी थांबवून त्यातल्या दोन-तीन प्रती पानन्‌पान उलटायच्या. पृष्ठांक सलग आहेत का, शाई एकसारखी आहे का, कापताना मजकूर कडेला आलाय का. दोष एकाच फर्म्यात असेल तर तेवढाच पुन्हा छापता येतो, फक्त पुस्तक यायला थोडा उशीर होतो. त्यानंतर सापडणारी प्रत्येक चूक पृष्ठांक आणि ओळीसकट एका यादीत नोंदवावी आणि ती यादी अंतिम फाईलशेजारीच ठेवावी. पुनर्मुद्रणासाठी नव्या प्लेट काढायच्या झाल्या, तर मुद्रितशोधक आधी तीच मागतो.