पत्ते डावीकडे सरकवा
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: टेबलावर हात. चकचकीत पाकिटं फाटतात.]

आठ जण बसलेत. प्रत्येकासमोर तीन बंद पाकिटं, आणि आत काय निघेल हे कुणालाच ठाऊक नाही. घरून कुणी पत्ते आणलेले नाहीत. आणले असते तरी या टेबलावर चालले नसते. 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ खेळायच्या कितीतरी पद्धती आहेत. ही त्यातली एक, ड्राफ्ट.

पाकिटात पूर्वी १५ पत्ते असत, २०२४पासून १४ असतात. त्यातला एक निवडायचा, आपल्यापुढे पालथा ठेवायचा आणि उरलेले डावीकडच्याला द्यायचे. तेवढ्यात उजवीकडून दुसरी गड्डी हातात येते. पुन्हा एक ठेवायचा, बाकीचे पुढे. गड्डी संपेपर्यंत हेच चालतं.

[दृश्य: एका खेळाडूचा चेहरा. पत्ते पंख्यासारखे पसरलेले.]

हा चेहरा नीट पाहा. तिच्या हातात आत्ता सहावी गड्डी आहे, आणि तिच्यात एक जबरदस्त लाल पत्ता अजून शिल्लक आहे. उजवीकडच्या पाच जणांनी तो पाहिला आणि सोडला. म्हणजे त्या बाजूला लाल रंग बहुधा कुणी खेळत नाही. पांढरा, निळा, काळा, लाल, हिरवा असे पाच रंग या खेळात आहेत. ड्राफ्टमध्ये बहुतेक जण दोन रंगांवर स्थिरावतात. ती आता लालकडे वळेल. कुणी काही बोललेलं नाही, तरी शेजाऱ्याचं मन पत्त्यांतून कळलं.

दुसऱ्या पाकिटाला दिशा उलटते. आता पत्ते डावीकडून येतात. मघाशी तिने ज्याला चांगले हिरवे पत्ते सोडले, तोच आता हिरवे अडवून बसणार. तिसऱ्या पाकिटाला पुन्हा पहिली दिशा. रमीत दुसऱ्याने काय उचललं आणि काय टाकलं यावर डोळा ठेवणाऱ्याला ही विद्या परकी वाटणार नाही.

[दृश्य: टेबलावर ओळीने मांडलेले पत्ते. कुणी दोन काढतो, एक परत ठेवतो.]

आता डेक, म्हणजे खेळायला घ्यायचा आपला पत्त्यांचा जुडगा, बांधायचा, किमान ४० पत्त्यांचा. साधारण १७ जमिनी, म्हणजे डाव चालवायला शक्ती देणारे पत्ते. त्या लागतील तितक्या मिळतात. उरलेले २३ आपण निवडलेल्यांतले. बाकीचे बाजूला. काय वगळायचं हे ठरवण्यात खेळाडूचा खरा कस लागतो, म्हणून हे दृश्य आम्ही कापलेलं नाही.

[दृश्य: जुन्या पत्त्यांची मागची बाजू, तपकिरी.]

ही मागची बाजू १९९३पासून तशीच आहे. हा खेळ रचणारे रिचर्ड गारफिल्ड तेव्हा गणिताचे अभ्यासक होते. क्रमचय आणि संचय हा त्यांच्या डॉक्टरेटचा प्रांत. 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीच्या पीटर ॲडकिसन यांच्याकडे ते एक बोर्डगेम घेऊन गेले होते. छोट्या कंपनीला त्याचा खर्च परवडणारा नव्हता. ॲडकिसन यांनी सुटसुटीत खेळ मागितला: पटकन संपणारा, मेळाव्यात दोन कार्यक्रमांच्या मध्ये खेळता येईल असा. त्यातून प्रत्येकाकडे वेगळे पत्ते असलेला हा खेळ जन्मला. पहिल्या आवृत्तीत २९५ वेगवेगळे पत्ते होते. लोक थोडी पाकिटं घेतील, आपसांत अदलाबदल करतील, असा गारफिल्ड यांचा अंदाज होता. लोकांनी खोकीच्या खोकी घेतली. त्याच सालचा 'ब्लॅक लोटस' हा पत्ता पुढे कोटींच्या घरात विकला गेला.

तो मूळ अंदाज आम्हाला ड्राफ्टच्या टेबलावर खरा झालेला दिसतो: थोडे पत्ते, सगळ्यांना सारखी संधी. हा खेळ पैसेवाल्यांचा, असं म्हणणाऱ्याला आधी इथे बसवावं.

[दृश्य: चौघांचं टेबल. हशा. पत्त्यांचा पसारा.]

घरून बांधून आणलेल्या डेकचे खेळ निराळे. स्टँडर्डमध्ये फक्त अलीकडच्या संचांतले पत्ते चालतात. पॉपरमध्ये फक्त कॉमन, म्हणजे सर्रास मिळणारे. खिशाला परवडणारा खेळ. आणि हे चौघं खेळतायत तो कमांडर. १०० पत्त्यांचा डेक, त्यात साध्या जमिनी सोडल्या तर एकही पत्ता दुसऱ्यांदा नाही. डेकचा एक नायक सर्वांसमोर उघडा. प्रत्येक खेळाडूला नेहमीच्या २०ऐवजी ४० प्राण, म्हणजे संपले की हार असे गुण. ही पद्धत खेळाडूंनीच रुजवली. स्पर्धांच्या पंचांनी दिवसभराचं काम आटोपल्यावर ती खेळत खेळत पसरवली. कंपनीने तिच्यासाठी तयार डेक काढले ते २०११मध्ये. चौघांत करार होतात, मोडतात, पुन्हा होतात, आणि डाव लांबतो.

[दृश्य: लांबट खोकं. आत प्लॅस्टिकच्या पाकिटांत घातलेले पत्ते.]

हे खोकं म्हणजे क्यूब. जवळच्या पत्त्यांतून आवडते निवडायचे, प्रत्येकाची एकच प्रत ठेवायची. आठ जणांना प्रत्येकी ४५, म्हणजे ३६० पत्ते पुरतात. पिसायचे, पंधरा-पंधराच्या गड्ड्या करायच्या आणि ड्राफ्ट सुरू. खेळ झाला की सगळे पत्ते खोक्यात परत जातात, त्यामुळे पुढच्या डावाला नवं पाकीट विकत घ्यावं लागत नाही. कुठले ३६० घ्यायचे, हे ज्याचं खोकं त्यानं ठरवायचं. महागडे पत्ते नसले तरी अडत नाही. नुसत्या कॉमन पत्त्यांचे क्यूबही लोक हौसेने बांधतात.