टाळूला पाव फेरा

(स्वयंपाकघर, रात्र. आईच्या मांडीवर मुलीचं डोकं. मोबाईलची बॅटरी.)

"आ कर. अजून मोठा."

आईच्या हातात किल्ली आहे. टाचणीपेक्षा थोडी जाड तार, आणि हातून सुटली तर घशात जाऊ नये म्हणून मागे बांधलेला दोरा. मुलीच्या टाळूखाली स्क्रू आहे. त्याच्या भोकात किल्ली घालायची आणि घशाच्या दिशेने ढकलायची, पुढचं भोक पूर्ण दिसेपर्यंत. अर्धवट सोडलं तर सकाळी किल्ली घालायला जागाच सापडत नाही.

झालं. पाव फेरा. स्क्रू पाव मिलिमीटर उघडला.

(आरशासमोर मुलगी दात मिटते.)

वरचे दात खालच्यांना बाहेरून झाकतात, डब्याच्या झाकणासारखे. हिच्या उजवीकडे मात्र झाकण डब्याच्या आत गेलंय. हनुवटी बघा, दात मिटताना किंचित उजवीकडे सरकते. हा क्रॉसबाईट. वरचा जबडा अरुंद, म्हणून खालचा आपली सोय बघतो आणि एका बाजूला जाऊन बसतो. वरचा रुंद करायचा, म्हणून हा स्क्रू.

मुलगी आठ वर्षांची आहे. "सगळे दुधाचे दात पडू देत, मग बघू," हा सल्ला हिच्या आईलाही मिळाला होता. तो फुकट मिळतो, आणि नेमका इथेच महाग पडतो.

(आजी बाळाच्या डोक्याला तेल लावते.)

मराठीत टाळू दोन. एक बाळाच्या डोक्यावरची, आजी तेलाने भरते ती. दुसरी तोंडातली. दोन्ही ठिकाणी हाडांमध्ये सांधा असतो. डोक्यावरची टाळू साधारण दीड वर्षात भरते. तोंडातल्या टाळूच्या मधोमध, पुढून मागे जाणारा सांधा, स्क्रू जो उघडतो तो, लहानपणी बराच सरळ असतो. वय वाढेल तसे त्याचे काठ एकमेकांत दातेरी अडकत जातात. वयात आल्यानंतर तो नुसत्या किल्लीला सहसा दाद देत नाही. मग हाडात रोवलेले छोटे स्क्रू, किंवा शस्त्रक्रिया.

(दवाखाना. मग प्रयोगशाळा.)

आधी दाढांच्या फटीत निळी रबरं. काही दिवसांत दाढा जराशा सुट्या होतात आणि स्टीलच्या पट्ट्या आत सरकतात. मग माप. गुलाबी लगदा तोंडात घट्ट होईपर्यंत नाकाने श्वास घ्यायचा. त्यावरून प्लास्टरचा जबडा. प्रयोगशाळेतला माणूस या प्लास्टरच्या टाळूवर स्क्रू मधोमध धरतो, त्याच्या जाड तारा पट्ट्यांना डाख देऊन जोडतो, मग घासत बसतो. जिभेला एकही कंगोरा लागता कामा नये. आम्ही चहा पिऊन आलो तरी तो घासतच होता.

सिमेंटने बसवल्यावर पहिले दोन दिवस लाळ आवरत नाही. 'च' आणि 'श' तर खास टाळूचीच अक्षरं, ती घसरतात.

(जुन्या नियतकालिकाचं पान.)

ही युक्ती नवी नाही. 1860 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे दंतवैद्य इमर्सन एंजेल यांनी चौदा वर्षांच्या मुलीच्या टाळूला स्क्रू बसवला आणि किल्ली तिच्याच हातात दिली. दोन आठवड्यांत जबडा रुंदावला. ज्या 'डेंटल कॉसमॉस'ने ही हकीकत छापली, त्याच्या संपादकांचाच तिच्यावर विश्वास बसला नाही. पुढे शंभर वर्षांनी, 1961 मध्ये, अँड्र्यू हास यांनी डुकरांवरच्या प्रयोगांनंतर मुलांवरचे निष्कर्ष मांडले, तेव्हा पद्धत रुळली. अमेरिकेतली ऑर्थोडोंटिस्टांची, म्हणजे वाकडे दात-जबडे सुधारणाऱ्या दंतवैद्यांची, संघटना आज सांगते, पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत करा. सातव्या.

(किल्ली. दोरा. पुन्हा किल्ली.)

सकाळी एक, रात्री एक. चौदा दिवस, अठ्ठावीस पाव फेरे, सात मिलिमीटर. स्क्रू एवढा उघडतो, हाड त्याहून कमी, कारण थोड्या दाढाही बाहेर कलतात. थांबायचं कधी ते डॉक्टर सांगतात. नंतर स्क्रू तसाच काही महिने तोंडात राहतो, मधल्या फटीत नवं हाड भरेपर्यंत. घाईने काढला तर जबडा मागे सरकतो.

(क्ष-किरण चित्र. मग चेहरा.)

टाळूच्या मधोमध काळा त्रिकोण, पुढे रुंद, मागे निमुळता. आणि समोरच्या दोन दातांमध्ये ही फट. आई घाबरली होती. पण सांधा उघडल्याची खूण हीच, आणि फट बहुतेक वेळा आपोआप मिटत येते.

मुलगी त्या फटीतून जीभ बाहेर काढून दाखवते.