साठ की आठ?

[दृश्य: इचलकरंजी. यंत्रमागाची शेड. मूळ आवाज 10 सेकंद तसाच ठेवावा.]

हा आवाज आम्ही वाढवलेला नाही.

इचलकरंजी असो, भिवंडी असो की मालेगाव, साध्या मागाचा धोटा, म्हणजे आडवा धागा वाहून नेणारा तुकडा, दिवसभर इकडून तिकडे आपटत राहतो. शेडमधला आवाज बहुधा 90 डेसिबलच्या वर. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी मर्यादा 90 चीच आहे, आणि इथं पाळी बऱ्याचदा बारा तासांची.

[दृश्य: अंतर्कर्णाचे रेखाचित्र]

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यात आवाज टिपणाऱ्या साधारण 15,000 नाजूक पेशी. सततच्या आवाजानं त्या मरतात आणि माणसात पुन्हा तयार होत नाहीत. पहिला मार बसतो बारीक, उंच आवाज टिपणाऱ्या पेशींना. ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात 4000 हर्ट्झच्या, म्हणजे अशाच उंच आवाजाच्या, आसपास खड्डा दिसतो. माणसाला बोलणं ऐकू येतं, पण स, फ, थ गळून जातात. दुकानदार 'साठ' म्हणाला, तर कानावर पडतं 'आठ'. घरचे म्हणतात, "यांना हवं तेवढंच ऐकू येतं." आमच्या मते हा त्या माणसावर अन्याय आहे.

[दृश्य: कान-नाक-घसा तपासणी]

सगळंच ऐकणं असं कायमचं जात नाही. मळ साचला असेल तर तो काढून काम भागतं. फाटलेला पडदा शस्त्रक्रियेनं जोडता येतो. मागाच्या आवाजानं गेलेलं मात्र औषधानं परत येत नाही. तिथं उपाय श्रवणयंत्राचा, तोही आलेख बघून बसवलेल्या. सगळा आवाज सरसकट मोठा करणारं स्वस्त यंत्र खडखडाटही तितकाच वाढवतं, आणि मग ते कपाटात पडतं. चांगल्या यंत्रालाही मेंदू सरावायला काही आठवडे लागतात. श्रवणयंत्राचा उपयोगच होत नसेल, तर कॉक्लियर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेनं आतल्या कानात बसवायच्या विद्युत उपकरणाचा, विचार होतो.

कानात कापसाचा बोळा घालून फारसं काही साधत नाही. फोमचे इअरप्लग नीट आतपर्यंत बसवले, तर बराच फरक पडतो.

आणि तपासणी पाळीवरून सुटल्या-सुटल्या करायची नाही. थकलेला कान खऱ्यापेक्षा वाईट आकडे दाखवतो. निदान 14 तास मागापासून लांब राहून जायचं.